कुलपती, कुलगुरू आणि आमदारसाहेब

मुलाचा निकाल लांबला की आपण प्रथम कॉलेजला बोल लावतो, मग विद्यापीठाला आणि शेवटी सरकारला. सरकार म्हणते, विद्यापीठ स्वायत्त आहे. विद्यापीठ म्हणते, आम्ही कायद्याने बांधलेले आहोत. बरे, तो कायदा केला कोणी, म्हणून विचारावे तर उत्तर मिळते, विधिमंडळाने. म्हणजे आपण ज्यांना मते दिली त्यांनीच! मी अठरा वर्षे मराठी शिकवतो आहे. कायदा हा माझा प्रांत नव्हे. पण ज्या छपराखाली आपण राहतो ते कोणी घातले आणि ते गळते कुठे, हे पाहायला वकिलीची सनद लागत नाही.

आरंभ शब्दांपासून करतो. मराठीच्या मास्तराला दुसरे काय सुचणार? दहा सहस्र शिष्यांना अन्न देऊन शिकवील तो कुलपती, अशी जुनी व्याख्या आहे. ‘शाकुंतला’तले कण्वमुनी कुलपती होते. आमच्या राज्यात कुलपती म्हणजे राज्यपाल. ते अन्नही देत नाहीत आणि तासही घेत नाहीत, पण कुलगुरूंची नेमणूक त्यांच्या सहीने होते. ही रीत १८५७ ची. त्या वर्षीच्या जुलैत, उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना, मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन पहिले कुलपती झाले. साहेब गेला, त्याची खुर्ची मात्र जागच्या जागी राहिली.

विधिमंडळात विद्यापीठावरून खरी खडाजंगी झाली ती लॉर्ड कर्झनच्या काळात. त्याने आणलेल्या १९०४ च्या कायद्याने मुंबईसारख्या मोठ्या विद्यापीठाच्या सिनेटवर जास्तीत जास्त शंभर सभासद ठरवले, आणि त्यांतले निवडून येणारे अवघे वीस. बाकीचे नेमलेले. कौन्सिलात या विधेयकाला कडाडून विरोध केला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. फर्ग्युसन कॉलेजातून १९०२ साली निवृत्त झालेला हा प्राध्यापक. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चाले. शंभरातून वीस वजा जाता बाकी कोणाच्या खिशात जाते, हे त्यांना कळायला वेळ लागला नसावा! विद्यापीठ हे सरकारचे एक खाते होऊन बसेल, ही त्यांची मुख्य तक्रार होती. विधेयक अर्थातच मंजूर झाले. त्या कौन्सिलात मते मोजण्याआधीच ठरलेली असत.

पण गोखल्यांची बाजू तेवढी खरी, असे मानून पुढे जाता येत नाही. १९२७ साली मुंबई कौन्सिलात विद्यापीठाच्या कायद्याची दुरुस्ती आली. तिच्यामागे सर चिमणलाल सेटलवाड यांच्या समितीचा अहवाल होता. त्या कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, आणि त्यांचा प्रश्न वेगळा होता. सिनेट सरकारच्या हातून सुटून सुशिक्षितांच्या हाती गेली, तर त्या सुशिक्षितांत मागासलेल्या वर्गांचे कोण असणार? पदवीधरच ज्यांच्यात बोटांवर मोजण्याइतके, त्यांना पदवीधरांच्या निवडणुकीचा काय उपयोग? म्हणून सिनेटवर त्यांना जागा ठेवा, असा त्यांचा आग्रह होता. आज महाराष्ट्रातल्या विद्यापीठाच्या अधिसभेवर पदवीधर दहा प्रतिनिधी निवडून देतात; त्यांतल्या पाच जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि स्त्रिया यांच्यासाठी राखीव आहेत. विद्वानांनी आपसांत ठरवून ही गोष्ट कधी केली असती, असे मला वाटत नाही. त्याला विधिमंडळच लागले.

यापुढचा इतिहास भराभर सांगून टाकतो. १९४८ साली पुणे विद्यापीठाचा कायदा झाला आणि बॅ. जयकर कुलगुरू झाले. १९७४ साली निरनिराळ्या विद्यापीठांचे नवे कायदे आले, १९९४ साली सर्वांना मिळून एक कायदा. सध्याचा कायदा २०१६ चा. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने तो तपासला आणि मार्च २०१७ पासून तो लागू झाला.

या कायद्यात आमदारसाहेब कुठे आहेत? अधिसभेवर विधानसभेचे दोन आणि विधान परिषदेचा एक सभासद असतो. विद्यापीठाचे हिशेब तपासून झाले की ते शासनामार्फत दोन्ही सभागृहांच्या ‘पटलावर ठेवले’ जातात. हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. पटल म्हणजे टेबल. पण डोळ्यांवर येते तेही पटलच! ठेवण्याची सोय कायद्याने केली आहे, उचलून वाचण्याची मात्र कोणावर सक्ती नाही.

विधिमंडळ जागे होते ते घर पेटल्यावर. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले आणि निकाल महिनोन् महिने रखडले. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घातली, ती टळली. पावसाळी अधिवेशनात आरडाओरडा झाला, आणि २४ ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. जबाबदारी ठरली हे ठीकच झाले. पण जूनमध्ये पुढच्या प्रवेशासाठी गुणपत्रिका हवी असलेल्या मुलाला ऑक्टोबरातल्या त्या आदेशाचा काय उपयोग?

त्याहून मोठी आग मराठवाड्याने पाहिली. २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने केला. लगोलग गावोगाव दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. ठराव एका दिवसात झाला; नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. सभागृहात हात वर करणे आणि ते गावच्या चावडीपर्यंत निभावणे यांत साडेपंधरा वर्षांचे अंतर पडले.

आणि कुलगुरू नेमायचा कोणी? सध्या शोध समिती किमान पाच नावे देते आणि कुलपती त्यांतले एक निवडतात. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने विधेयक मंजूर केले, की समितीची नावे आधी राज्य सरकारकडे यावीत, सरकारने त्यांतली दोन कुलपतींकडे धाडावीत, आणि उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती व्हावेत. राज्यपालांची संमती मिळाली नाही. २०२२ च्या सत्तांतरानंतर नव्या मंत्रिमंडळाने ते मागे घ्यायचे ठरवले. त्याच वर्षी तामिळनाडू, केरळ आणि पश्चिम बंगालच्या विधानसभांनीही कुलपतींच्या अधिकाराला हात घालणारी विधेयके मंजूर केली.

माझे मत विचाराल तर दोन्ही बाजूंचा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. ‘आम्ही लोकांनी निवडलेले, राज्यपाल दिल्लीने नेमलेले,’ हे मंत्र्यांचे म्हणणे खोटे नाही. पण कायदा करणे वेगळे आणि नावे निवडणे वेगळे. विधिमंडळ म्हणजे मंत्री नव्हेत. मंत्र्यांना जाब विचारणारी ती जागा आहे. मंत्रीच विद्यापीठाचे प्र-कुलपती झाले, तर विद्यापीठाविषयीचा तारांकित प्रश्न आमदारांनी विचारायचा कोणाला, आणि उत्तर द्यायचे कोणी? त्यांनीच ना!

खुर्चीचा वाद रंगतो तेव्हा साध्या गोष्टी मागे पडतात. शासनाच्या मंजुरीवाचून विद्यापीठाला नवे पद निर्माण करता येत नाही, असे कायदा म्हणतो. पैसा लोकांचा, तेव्हा हेही रास्तच. पण मंजूर असलेली जागा रिकामी झाली तर तीही भरायला वर्षे लागतात. आमच्या विभागात दोन तरुण तासिका तत्त्वावर शिकवतात. दोघेही नेट उत्तीर्ण. त्यांतल्या एकीची पीएच.डी. पूर्ण झाली आहे. एप्रिल-मेमध्ये तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. ‘सर, अधिवेशनात आपला प्रश्न येणार आहे म्हणे,’ असे ती दर वर्षी मोठ्या आशेने सांगते. येतोही. ‘कार्यवाही सुरू आहे,’ हे उत्तरही येते.

आता वाचकांचे काम. २०२४ च्या सप्टेंबरात मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर मतदारसंघाची निवडणूक तोंडावर आली असताना ती थांबवण्यात आली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाच्या आदेशाने २४ सप्टेंबरला मतदान झाले. कोण जिंकले, हा भाग सोडा. मुंबई, ठाणे, रायगड, पालघर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढा या विद्यापीठाचा विस्तार, लक्षावधी पदवीधर, आणि नोंदलेले मतदार सुमारे १३ हजार! आमच्या एकट्या सोसायटीत पदवीधरांची वाण नाही. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब मांडायची वेळ आली, की त्यांतला एकही घरी बसत नाही. मांडवाच्या कापडाचा दर वारावर कसा काय लावला, इथपर्यंत चौकशी होते. विद्यापीठाच्या नोंदणीचा अर्ज दोन पानांचाही नसतो. सोबत पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत जोडायची. बहुतेकांकडे ती भिंतीवर चौकटीत लावलेली असतेच, तेवढी खाली काढावी लागेल.