खाडीची रेती, शहराचा राडारोडा

रेतीबंदर हे नाव मुंब्र्याला आहे, डोंबिवलीच्या मोठागावाला आहे आणि कल्याणला दुर्गाडीच्या आसपासही आहे. उल्हास नदीचे गोडे पाणी जेथे भरतीच्या खाऱ्या पाण्यात मिसळते त्या पट्ट्यात, छातीत श्वास भरून तळाशी डुबी मारणाऱ्या मजुरांनी बादली-बादलीने, आणि पुढे सक्शन पंपांनी उपसलेली रेती ज्या काठांवर ब्रासच्या मापाने उतरत गेली, त्या काठांची ही नावे. आणि १९८०च्या दशकात ठाणे व कल्याण-डोंबिवली येथे महानगरपालिका स्थापन झाल्या त्या सुमारास जी तीन-चार मजली वस्ती झपाट्याने उभी राहिली, तिच्या स्लॅबांत आणि खांबांत या खाडीचा तळ मिसळलेला आहे. शाश्वत बांधकामसाहित्याचा विचार या भागात करावयाचा तर तो या रेतीपासूनच आरंभावा लागतो. कारण जी इमारत चाळीस वर्षांत पाडावी लागते, तिच्या सिमेंट, लोखंड व दगडापायी निसर्गावर वर्षागणिक पडणारा भार शंभर वर्षे टिकणाऱ्या इमारतीच्या अडीचपट होतो.

डोंबिवलीत अशाच एका इमारतीचे पाडकाम चालू असता मुकादमाला विचारून मी तिच्या खांबाचा एक तुकडा उचलून आणला. त्याच्या मधोमध एका शिंपल्याचे पांढरे कवच अखंड होते, आणि सळई म्हणून हाताला लागले ते पापुद्र्या-पापुद्र्याने सुटणारे तांबूस लोखंड. काँक्रीटमधील चुन्याच्या अंशामुळे सळईभोवती तीव्र क्षारता असते आणि तिच्या आश्रयाने लोखंडावर एक अदृश्य संरक्षक थर टिकतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत झिरपत गेला की ही क्षारता ओसरते, परंतु रेतीबरोबर आलेल्या मिठातील क्लोराइड क्षारता शाबूत असतानाही तो थर भेदते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून आधी प्लास्टर फुगते, मग सळईच्या रेषेत भेग पडते. क्षारता शिल्लक असेल तेथेच गुलाबी होणारे फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण लावताच माझा तुकडा गाभ्यात गुलाबी झाला आणि कडेची दोन बोटे राखाडीच राहिली. हवेने किती मजल मारली ते या रंगाने कळते. मिठाची तपासणी मात्र वेगळी करावी लागते. आयएस ४५६ या मानकाने २००० साली सळईच्या काँक्रीटमध्ये घनमीटरमागे ०.६ किलो क्लोराइडची मर्यादा घालून दिली आहे. खाडीची रेती गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी, हे साध्या गवंड्यालाही ठाऊक होते. पण जेथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागे, तेथे रेतीसाठी पाणी कोण सोडणार? या घरांत आयुष्याची पुंजी घालणाऱ्या माणसांना ते मीठ कधी दिसलेच नाही, आणि या गोष्टीचे दुःख मला आजही होते.

परवाना देणे, स्वामित्वधन वसूल करणे, चोरीच्या रेतीची जप्ती करणे, हे महसुली दफ्तराचे काम. खाडीच्या तळाचे काय होते, हा प्रश्न त्यात मावणारा नव्हता. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेती-उत्खननावर बंदी घातली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. चोरटा उपसा या हुकुमांनी संपला नाही, तरी बांधकामाची मदार हळूहळू क्रश सँडवर आली. काळ्या दगडाच्या या भुकटीत मीठ नाही. पण तिच्या कणांना धारदार कोन असतात, बारीक धूळ जास्त असते, आणि तिच्यासाठी डोंगर फुटतो. शके ९८२ चा शिलालेख मिरविणारे अंबरनाथचे शिवमंदिर याच जातीच्या दगडाचे आहे. तेथे दगड फोडला, पण एकदाच.

सिमेंटच्या बाबतीत खरी आशा मला वाटते ती मातीकडून. चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजून क्लिंकर होतो, आणि एक टन शुद्ध चुनखडी भाजताना इंधनाचा धूर सोडूनही ४४० किलो कार्बन डायऑक्साइड निव्वळ दगडातून बाहेर पडतो. दिल्ली, मद्रास व मुंबई येथील आयआयटी आणि स्वित्झर्लंडमधील लोझानची तंत्रविद्यापीठीय प्रयोगशाळा यांनी जे एलसी-३ सिमेंट सिद्ध केले, त्यात क्लिंकर निम्माच; उरलेल्यात सुमारे तीस टक्के, सातशे-आठशे अंशांवर भाजलेली केओलिनयुक्त चिकणमाती, पंधरा टक्के न भाजलेली चुनखडी आणि थोडे जिप्सम. २०२३ मध्ये त्यास आयएस १८१८९ हे मानक मिळाले. कार्बनची बचत मोलाची आहेच. परंतु खाडीकाठच्या माणसाने याहून अधिक लक्ष द्यावे असा त्याचा गुण हा, की त्याची रंध्रे इतकी सूक्ष्म असतात की बाहेरचे क्लोराइड सहजी आत शिरत नाही.

आता जुन्या इमारती पडत आहेत आणि त्यांचा राडारोडा रात्री-अपरात्री कांदळवनात ओतला जाताना आपण पाहतो. रेती जेथून निघाली तेथेच तिची माती होते. २०१६ च्या नियमांनी दिवसाला वीस टन किंवा महिन्याला एका प्रकल्पात तीनशे टन राडारोडा निर्माण करणाऱ्यावर तो वेगळा करण्याची जबाबदारी टाकली. त्याच वर्षीच्या आयएस ३८३ ने पुनर्वापराची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, तर एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के चालेल असे सांगितले. मुंबई महापालिकेच्या राडारोड्यासाठी शीळफाट्याजवळ डायघर येथे रोजी ६०० टन क्षमतेचे प्रक्रिया केंद्र आहे. परंतु खाडीच्या रेतीची इमारत दळली म्हणजे तिच्यातील मीठही खडीबरोबर येते. सळई नसलेल्या पेव्हर ब्लॉकला त्याची फारशी बाधा नाही. नव्या घराच्या खांबात मात्र तोच गंज पुन्हा सुरू होईल. पाडकामाचा परवाना देताना प्रत्येक इमारतीच्या खांबाचा नमुना घेऊन क्लोराइडचा आकडा दाखल्यावर लिहिला, तर राडारोड्याचा ट्रक कोणत्या ढिगावर रिकामा करावयाचा, ते केंद्राच्या फाटकावरच ठरेल.