इंजिनाची कसोटी उसनवारीवर नको

नागपूरच्या उन्हाळ्याची ख्याती वेगळी सांगावयास नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढला की १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत, समान दाब असताना, हवेची घनता सुमारे एक दशांशाने घटते. जेट इंजिनाचे बळ ते किती हवा ओढते यावर अवलंबून असते. साहजिकच त्याचा रेटा कमी पडतो आणि विमानाला अधिक लांब धावपट्टी लागते. तेच इंजिन ११ किलोमीटर उंचीवर जाते तेव्हा बाहेर साधारणतः उणे ५६ अंशांची थंडी असते आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाव हिश्श्याहूनही कमी.

मग त्याची कसोटी घ्यावी कोठे? नागपूरसारख्या शहरात इंजिन चालवून पाहिले की उष्णतेपुरते काम भागेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु निसर्गाचा उन्हाळा हुकमी नसतो; आज पारा ४६ वर, तर उद्या वळवाची सर. स्थिती तीच राखून इंजिन पुनःपुन्हा चालविल्याखेरीज दोष इंजिनाचा की हवेचा, याचा निर्णय होत नाही. म्हणूनच चाचणीगृहात हवा हवी तशी तापवावी वा थंड करावी लागते, दाब उतरवावा लागतो, धूळ, पाणी आणि बर्फ मोजून सोडावे लागते. इंजिन गिळेल तेवढी हवा प्रतिक्षणी पुरवावयाची आणि जळालेला वायू त्याच वेगाने बाहेर खेचावयाचा, म्हणजे प्रचंड यंत्रसामग्री आणि तितकीच वीज आली. अमेरिकेने आख्खे विमान मावेल अशी हवामान-प्रयोगशाळा फ्लोरिडात १९४७ सालीच सुरू केली.

असा खर्च एका इंजिनाच्या हिशेबात कधीच परवडणारा दिसत नाही. धरणाचा सारा खर्च एकाच शेतावर टाकला तर कोणते धरण परवडेल? सामायिक भांडवलाचा हिशेब अनेक इंजिनांवर आणि अनेक वर्षांवर मांडावयाचा असतो. तो न मांडल्यास काय होते, हे ‘कावेरी’ इंजिनाने दाखविले आहे. १९८९ मध्ये ३८२.८१ कोटी रुपयांचा हा प्रकल्प मंजूर झाला. १९९६ अखेर तो पुरा व्हावयाचा होता. पुढे अंदाज २,८३९ कोटींवर गेला आणि २००८ मध्ये ‘तेजस’ विमानाशी असलेला त्याचा संबंध तोडण्यात आला. या अपयशाला धातुविद्येपासून अनेक कारणे होती; परंतु उंचीवरील चाचण्यांसाठी २०१० मध्येही इंजिन रशियाला न्यावे लागले, ही गोष्ट लहान नव्हे. परक्या चाचणीगृहात पाळी येईपर्यंत थांबावे लागते. दोष सापडला की इंजिन घरी आणून दुरुस्त करावयाचे आणि पुन्हा रांगेत उभे राहावयाचे. वाया गेलेल्या त्या महिन्यांची नोंद कोणत्याही खातेवहीत होत नाही.

नागपूर हे वायुदलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय आहे. मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले दुरुस्ती केंद्रही आहे. दुरुस्तीचे मोल मोठेच. पण दुरुस्ती करणाऱ्याला दुसऱ्याने लिहिलेली पुस्तिका पुरते. ती पुस्तिका लिहिण्याचा अधिकार ज्याने इंजिन मोडेपर्यंत तपासले त्यालाच मिळतो. चाचणीगृह कोणत्या शहरात व्हावे हा वाद दुय्यम आहे. नव्या इंजिनाच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद पहिल्याच पानावर असावी, एवढा आग्रह मात्र करदात्याने धरावयास हवा.