अक्काच्या घरची भाकर

प्रा. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' हे आत्मकथन १९७९ साली प्रसिद्ध झाले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे. या दोन गाजलेल्या पुस्तकांच्या मधे आलेले हे पुस्तक आमच्या मते थोडे झाकले गेले. वास्तविक आपल्या कंधार-मुखेड भागातील वाचक बंधू-भगिनींनी ते आधी वाचायला हवे. लेखक उदगीरकडचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. (लातूर जिल्हा १९८२ ला झाला, तोवर उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात होते.) पुस्तकातली बोली आपल्या घरातली आहे. आमच्या सासूबाईंना वाचून दाखवताना एकही शब्द समजावून सांगावा लागला नाही.

कादंबरीसारखे सलग कथानक यात नाही. आठवणी येतात, बसतात, उडून जातात. लहानपणीच आईबाप गेलेला एक मुलगा बहिणीच्या संसारात वाढतो. त्या संसारालाच पुरत नाही, तिथे आणखी एक तोंड. भूक या पुस्तकाच्या पानापानांवर आहे. पुढे हा मुलगा बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात पोहोचतो, शिकतो आणि इंग्रजीचा प्राध्यापक होतो. परंतु लिहिताना त्याचा आवाज चढत नाही. घरच्या माणसांवर तो फिर्याद करीत नाही. आम्हाला हेच सर्वांत अवघड वाटले.

कारण आमचेही लहानपण अक्काच्या दारातले. माय गेली तेव्हा आम्ही आठ वर्षांचे होतो. दाजी सालगडी, त्यांची चार लेकरे, वर आम्ही. आम्ही सातवीत असताना एका रात्री दाजींनी आमच्या ताटातली दुसरी भाकर उचलली आणि म्हणाले, "आयतं किती दिस खाणार?" तो शब्द आम्ही तीस वर्षे सांभाळला. नोकरी लागली, लग्न झाले, चळवळीत भाषणे केली, समतेवर तासतास बोललो, पण अक्काच्या गावाला गेलो नाही. दाजी वारले तेव्हाही ऑफिसात काम असल्याचे कळवले. काम काहीच नव्हते.

सोनकांबळे सरांचे पुस्तक वाचताना प्रथमच आम्ही हिशेब मांडला. सालाची ज्वारी किती, खाणारी तोंडे किती. कारकुनाला हिशेब यायला हवा होता. इतकी वर्षे आला नाही.

येथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. ज्या गावगाड्याने आपल्या माणसांना उपाशी ठेवले, त्याला माफ करा असे आम्ही म्हणत नाही, म्हणणारही नाही. पण त्याच गावगाड्याखाली वाकलेल्या आपल्याच दाजीला, चुलत्याला, सावत्र आईला आपण गावाच्या वाट्याचीही शिक्षा देत आलो, हे तपासावे.

मागच्या महिन्यात पुस्तक घेऊन अक्काकडे गेलो. तिला वाचता येत नाही. नातीने दोन आठवणी वाचल्या. अक्का भिंतीला टेकून ऐकत होती. मग आम्ही त्या भाकरीची गोष्ट काढली. वाटले होते, तिच्या ध्यानात नसेल.

"हाय की ध्यानात," ती म्हणाली. "ते बोलले ते बोलले. मी गप बसले रं. तू भुकेला झोपलास अन् मी चुलीपुढं गप बसले. म्हणून तू येत न्हाईस, असंच वाटायचं मला."

तीस वर्षे आमचा राग दाजींवर होता आणि तो झेलत होती अक्का. आम्हाला काही बोलता आले नाही. नातीने पुढचे पान उघडले.

निघताना पुस्तक मागायला गेलो तर अक्का म्हणाली, राहू दे, पोरीचं वाचून व्हायचंय. पुस्तक ग्रंथालयाचे आहे, तारीखही उलटून गेली आहे. दंड भरू.