कुंपणच शेत खाते तेव्हा



अंगावर पित्त उठले की आपल्याकडे उपाय ठरलेले. कोणी आमसुलाचे पाणी चोळतो, कोणी गेरू लावतो. दोन दिवसांत गांधी बसल्या की विषय संपला. पण बहुतेक दिवशी गांधी उठतात आणि सहा आठवडे उलटूनही थांबत नाहीत, तेव्हा ते जुनाट पित्त समजावे.

आमच्या एका सभासदांच्या सौभाग्यवतींना हा त्रास दोन वर्षे होता. आधी वांगे सोडले, मग अंडे, मग शेंगदाणा. पाचटाची खाज म्हणून शेतात जाणेही सोडले. ताट रिकामे होत गेले, खाज तशीच! त्यांची लेक कामोठ्यास नांदते. पनवेलजवळच्या या गावी एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारी नवी मुंबई. तिने आईला तिकडच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. सोबत आम्हीही होतो.

डॉक्टर म्हणाले, "बाई, दोष ताटात नसेलही. तुमच्याच रक्तात आहे का, ते पाहू." पित्ताच्या गोळ्या त्यांनी सांगितल्याप्रमाणे काही दिवस आधी बंद केल्या होत्या. दंडातून थोडे रक्त काढले, गोठू दिले, यंत्रात फिरवून वरचे पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळे केले. मग हाताच्या कातडीत तीन बारीक सुया टोचल्या : एक त्यांच्याच सीरमची, एक साध्या सलाईनची, एक हिस्टामाईनची. अर्ध्या तासाने पट्टीने मोजले. सलाईनपेक्षा सीरमची गांध दीड मिलिमीटर किंवा जास्त मोठी असेल तर चाचणी होकारार्थी. बाईंची तशीच निघाली.

अर्थ काय? शरीराचे रक्षण करणारी प्रतिद्रव्येच कातडीतल्या मास्ट पेशींना डिवचतात, त्या हिस्टामाईन सोडतात आणि गांध उठते. कुंपणच शेत खाते म्हणतात, ते हेच. इंग्लंडात ग्रॅटन व सहकाऱ्यांनी १९८६ साली या चाचणीचा अभ्यास मांडला. आपल्या नेरूळचे डॉ. किरण गोडसे यांनीही २००४ साली त्वचारोगाच्या भारतीय नियतकालिकात तिच्यावर लिहिले.

मात्र ही चाचणी म्हणजे अंतिम निकाल नव्हे. निरोगी माणसातही ती कधी होकारार्थी येते, आणि नकारार्थी आली म्हणून रोग नाही असेही नाही. सर्वांना ती लागत नाही. उपचाराची सुरुवात दोन्हीकडे सारखीच : गुंगी कमी आणणारी पित्तशामक गोळी, नेमाने रोज. असल्या रुग्णांत थायरॉईडचा दोष अधिक आढळतो, म्हणून डॉक्टर तीही तपासणी सांगतात. सुई घरी किंवा कुणा ऐऱ्यागैऱ्याकडून टोचून घेऊ नये. जीभ-घसा सुजला, दम लागला तर आमसूल शोधत न बसता तडक दवाखाना गाठावा.

बाईंच्या गांधी आता पुष्कळ कमी आहेत. गोळी चालू आहे. परवा त्यांच्या घरी गेलो तर शेंगदाण्याची चटणी त्यांनी स्वतः वाढली, आणि आपल्या ताटातही घेतली.