सारखे जिंकताय? मग एक पायरी वर चढा!

सुट्टीच्या दिवसांत कनेरगाव नाक्यावर बसची वाट पाहणारी पोरे पाहा. बहुतेकांच्या माना मोबाईलवर झुकलेल्या असतात. पण सगळेच काही मारामारीचे गेम खेळत नाहीत. कुणी संगणकाशी बुद्धिबळ खेळतो. कुणी गाव वसवतो, धान्य आणि सोने साठवतो, फौज उभी करून शेजारच्या राज्यावर चढाई करतो. हे डावपेचांचे खेळ. त्यांत सोपी, मध्यम, अवघड अशा पातळ्या असतात. ओपीडीत पालक नेहमी विचारतात, "डॉक्टरसाहेब, किती वेळ खेळू द्यायचं?" प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: पोरगा खेळतो कोणत्या पातळीवर?

मेंदूला सवय लागते

सोप्या पातळीवर शंभर डाव जिंकणारा मुलगा शंभर वेळा विचार करत नाही. पहिले दहा-बारा डाव तो विचार करतो, पुढे बोटे आपोआप चालतात. शास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९९० च्या दशकात माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला, की डोपामाइन या रसायनाशी संबंधित मेंदूपेशी एकदम सक्रिय होत. रस केव्हा मिळणार हे खुणेवरून आधीच कळू लागले, की प्रत्यक्ष रस मिळताना त्या पेशींवर फारसा परिणाम होत नसे. अंदाज चुकला, की मेंदू शिकतो. ठरलेल्या विजयात चुकायला अंदाजच उरत नाही.

वरच्या पातळीवर काय बदलते? 'सिव्हिलायझेशन'सारख्या खेळात संगणक मोठासा हुशार होत नाही. त्याला जादा सवलती मिळतात. त्याची शहरे आणि फौज लवकर वाढते. त्यामुळे कालपर्यंत चाललेली युक्ती आज पुरत नाही. आधी काय बांधायचे, कुठे माघार घ्यायची, कोणाशी तह करायचा, हे नव्याने ठरवावे लागते. हीच मेंदूची खरी मेहनत.

संशोधन काय सांगते?

२०१३ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ गेमची फारशी सवय नसलेल्या ७२ तरुणींचे तीन गट केले आणि प्रत्येकीला ४० तास खेळायला दिले. दोन गट 'स्टारक्राफ्ट' हा डावपेचांचा खेळ खेळले. एका गटाला स्वतःचा एक तळ आणि शत्रूचा एक तळ, तर दुसऱ्याला दोन्ही बाजूंनी दोन-दोन तळ सांभाळायचे होते. तिसऱ्या गटाला 'द सिम्स' हा घरसंसाराचा खेळ दिला. एका कामावरून दुसऱ्याकडे चटकन वळण्याची क्षमता सर्वांत जास्त वाढली, ती दोन-दोन तळ सांभाळणाऱ्या गटाची. खेळ तोच, पण अवघड केल्यावर फायदा वाढला.

त्याच वर्षी 'नेचर'मध्ये ६० ते ८५ वयाच्या मंडळींवरचा अभ्यास आला. गाडी चालवता चालवता खुणा ओळखण्याचा हा खेळ खेळणाऱ्याच्या कौशल्याप्रमाणे आपोआप अवघड होत जाई. महिनाभरात १२ तासांच्या सरावानंतर त्यांची दोन कामे एकत्र सांभाळण्याची क्षमता सुधारली, आणि हा परिणाम सहा महिन्यांनंतरही टिकून होता. म्हणजे हा विषय फक्त पोरांचा नाही. निवृत्त आजोबांचाही आहे.

मात्र खेळाने गणिताचे गुण वाढतील किंवा विसरभोळेपणा जाईल, अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. ज्याचा सराव, त्यात सुधारणा मुख्यतः दिसते.

तालमीतला नियम

आपल्याकडचे वस्ताद हे शास्त्र केव्हाच जाणतात. पैलवानाची जोड तोलामोलाची किंवा किंचित सरस लावतात. कच्च्या गड्याशी रोज कुस्ती केली तर अंगाला मातीही लागत नाही. एकदम मोठ्या मल्लासमोर उभे केले तर खांदाच निखळायचा. नागपूरच्या दिव्या देशमुखचेच पाहा. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकात तिचे मानांकन पंधरावे होते. वरच्या मानांकनाच्या खेळाडूंशी झुंजत ती अंतिम फेरीत पोहोचली, तिथे कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवले आणि ग्रँडमास्टर झाली.

पातळी कधी बदलावी?

माझा ढोबळ नियम असा आहे:

• पाचांपैकी चार डाव सहज जिंकत असाल, तर एक पायरी वर जा. एकच, दोन नाहीत.

• वर गेल्यावर सुरुवातीला हरणारच. हरल्यावर लगेच नवा डाव मांडू नका. डाव कुठे फिरला ते शोधा. चूक बहुधा शेवटच्या लढाईत नसते. सुरुवातीच्या मांडणीत असते.

• पाचही डाव हरलात आणि का हरलो हेही उमगत नसेल, तर एक पायरी खाली या. यात कमीपणा काही नाही.

• हरल्याच्या रागात रात्री "आणखी एकच डाव" नको. दिवसभर शिकलेले झोपेत पक्के होते. झोप मोडली तर सरावही वाया जातो.

लक्ष कुठे ठेवावे?

पातळी वाढवणे म्हणजे वेळ वाढवणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार आपल्या वर्गीकरणात घेतला असून ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा वाटणे आणि नुकसान दिसत असूनही खेळतच राहणे, ही त्याची तीन लक्षणे. ती साधारण वर्षभर टिकली तर निदान होते. पण मदत घ्यायला वर्षभर थांबू नका. 'टेली-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम तर वेगळेच प्रकरण आहे. त्यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. तिथे पातळी वाढत नाही, कर्ज वाढते.

तेव्हा आज संध्याकाळी मुलाला "मोबाईल ठेव" म्हणण्याआधी जरा शेजारी बसा आणि विचारा, "कितव्या पातळीवर आहेस? मागचा डाव का हरलास?" त्याला कारण सांगता आले, तर पोरगा शिकतो आहे. "मी कधी हरतच नाही" असे म्हणाला, तर त्याला एक पायरी वर चढवा.