शाळेच्या खोलीतील हवा आणि आपण सभासद



बॉयलरला हवा कमी पडली की काय होते, हे आपणांस ठाऊकच आहे. बगॅस धड जळत नाही, चिमणीतून काळा धूर निघतो, वाफेचा दाब उतरतो आणि सगळ्यांची धावपळ उडते. पण आपल्या गावच्या शाळेत रोज पाच-सहा तास बसणाऱ्या मुलांना चांगली हवा मिळते की नाही, हे कोणी पाहत नाही. आपण पट विचारतो, निकाल विचारतो, फार तर छप्पर गळते का ते विचारतो. हवेचा विषय निघतच नाही.

माझे लक्ष याकडे गेले ते आपल्या ऊसपट्ट्यात नव्हे, तर जव्हार तालुक्यात. हा तालुका २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. तिथल्या वावर भागात एका पाड्यावर मी काही वर्षे मास्तरकी केली. वावर-वांगणी हे नाव १९९२-९३ साली कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले. मी गेलो तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

शाळा एका खोलीची. सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, आणि भिंतीला लागूनच पोषण आहाराची चूल. पावसाळ्यात तिकडे चार-चार दिवस उघडीप नसते. झड आत येते म्हणून खिडक्या बंद, आणि ओल्या लाकडांचा धूर मात्र खोलीत. दुपारनंतर निम्मी पोरे पेंगत, बाकीची खोकत. मी आपला म्हणे, यांचे अभ्यासात लक्षच नाही!

एक दिवस खिचडी शिजवणारी आजी म्हणाली, "मास्तर, आमचं घर कुडाचं. धूर होतो, पण कारवीतून निघून जातो. तुझ्या शाळेला धूर जायला वाटच नाही ठेवली." तिकडे वडीलधारी माणसे मास्तरालाही 'तू' म्हणतात, त्यात अनादर नसतो. आजीचे बोलणे मात्र मला लागले, कारण ते खरे होते.

हवा बिघडते म्हणजे काय?

दोन गोष्टींनी बिघडते. पहिली, आपल्याच श्वासाने. मूल नुसते बसून असले तरी तासाला सुमारे १० लिटर कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकते. ३० मुलांचे झाले ३०० लिटर. वीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली पूर्ण बंद ठेवली, तर पाव तासातच या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत एक हजार भागांच्या वर जाते. उघड्या हवेत ते ४२० च्या आसपास असते. हजाराच्या वर जाऊ देऊ नये, असे जर्मन शास्त्रज्ञ पेटनकोफर यांनी १८५८ सालीच सांगून ठेवले आहे.

एवढ्याने कोणी गुदमरत नाही. पण ही खूण आहे की हवा शिळी झाली. डोके जड होते, झोप येते. शिवाय एकाच्या तोंडातून निघालेली हवा दुसऱ्याच्या नाकात जाते, आणि तिच्याबरोबर सर्दी, गोवर, क्षयाचे जंतूही जातात. कोरोनाने २०२० साली हा धडा साऱ्या जगाला दिला.

दुसरी गोष्ट धूर आणि धूळ. चुलीच्या धुरात डोळ्यांना न दिसणारे कण असतात, केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसात उतरतात. १९८१ साली अमेरिकेचे शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी सहकाऱ्यांसह गुजरातेतील खेड्यांत चुलीपुढच्या बायकांना किती धूर लागतो ते मोजले, आणि तेव्हापासून या प्रश्नाकडे जगाचे लक्ष गेले. घरातल्या अशा धुराने लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल अर्धपोटी असेल तर विचारायलाच नको.

उपाय नवा नाही

याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी. मुले गुरांमागे रानात जातात तर शाळाही रानात न्यावी, म्हणून कुरणशाळा. हेतू शिक्षण पोचवण्याचा होता, पण त्याबरोबर मोकळी हवाही मिळाली. आज अंगणवाडी हे नाव गावोगाव आहे. अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी गेले आणि बंद खोली राहिली.

आपल्या गावात काय करावे?

१) आधी परीक्षा करावी. वर्गाच्या मधोमध एक उदबत्ती लावा. तिचा धूर एका बाजूने बाहेर निघतो की तिथेच घुटमळतो, ते पाहा. घुटमळत असेल तर हवा खेळत नाही.

२) समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवाव्यात. गरम हवा वर जाते, म्हणून छताखाली झरोके हवेत. पावसासाठी खिडकीवर पत्र्याचा उतरता छज्जा बसवावा, म्हणजे झड लागत नाही आणि खिडकी उघडी राहते.

३) पोषण आहाराचा स्वयंपाक गॅसवर व्हावा. चूलच असेल तर ती वर्गाच्या भिंतीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावी, तिला पत्र्याच्या वर जाणारे धुराडे असावे, आणि पावसाळ्यासाठी लाकूड आधीच वाळवून ठेवावे.

४) वर्ग कोरडा झाडू नये. पाणी शिंपडून झाडावा, फळा ओल्या फडक्याने पुसावा.

५) आता आपल्या स्वतःच्या अंगाशी येणारी गोष्ट. शाळेशेजारच्या फडातील पाचट कोण जाळतो? आपणच ना? एका हेक्टरात आठ-दहा टन पाचट निघते. ते सरीत कुजवले तर जमिनीला सेंद्रिय खत मिळते, जाळले तर धूर सरळ वर्गात. निदान शाळेलगतच्या सभासदांनी तरी काडी लावू नये.

६) ऊसतोडणी मजुरांची मुले जिथे शिकतात त्या पत्र्याच्या खोल्यांनाही हेच नियम लागू आहेत. ती मुले आपल्याच उसासाठी आली आहेत. चिमणीची काजळी शाळेवर पडत असेल, तर तेही वार्षिक सभेत स्पष्ट विचारावे. आपण मालक आहोत.

हे करायला मुंबईच्या हुकमाची वाट पाहायला नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. म्हणजे तुम्हीच. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.

वावरच्या त्या शाळेत आम्ही चूल उचलून वीस पावलांवर छपरात नेली आणि दोन खिडक्यांना पत्र्याचे छज्जे लावले. गावकऱ्यांनी बांबू दिले, पत्रे वर्गणीतून आले. पोरांचा खोकला पुरता गेला असे मी म्हणणार नाही, कारण घरी चुली होत्याच. पण दुपारचे पेंगणे कमी झाले, आणि मीही त्यांच्यावर ओरडायचा थांबलो.