वेंगुर्ल्याची सुरंगी आणि आपले नागकेशर

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले तालुका निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही दृष्टींनी समृद्ध आहे. सागरेश्वराचा शुभ्र वालुकामय किनारा, सतराव्या शतकातील डच वखारीचे भग्नावशेष, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने पावन झालेले शिरोडा, तसेच १९७६ साली खाणीच्या परिसरात सापडलेली रेडीची द्विभुज गणेशमूर्ती ही स्थळे दोन दिवसांत सहज पाहून होतात. गावोगावच्या जत्रांत रात्रभर रंगणारे दशावतारी नाटक हेही येथील मोठे आकर्षण होय.

तथापि वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी येथे यावे ते फाल्गुनात. त्या सुमारास आसोली परिसरात सुरंगी बहरते. पहाटेच्या वाऱ्यावर दूरवर पसरणारा तिचा गंध हीच वृक्षाची पहिली ओळख. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका आणि जुन्या फांद्यांना बिलगून आलेले फुलांचे घोस असे तिचे रूप असते. फुलांचे वळेसार बाजारात येतात. वाळल्यावरही त्यांचा सुगंध टिकतो. कळ्या मात्र उन्हात वाळवून पोत्यांत भरल्या जातात आणि व्यापाऱ्यांमार्फत परगावी जातात. हाच माल काष्ठौषधींच्या पेठेत ‘तांबडे नागकेशर’ या नावाने विकला जातो.

येथेच आपल्या व्यवसायाचा प्रश्न उभा राहतो. चातुर्जातातील आणि रक्तार्शावर लोणी-खडीसाखरेसह योजले जाणारे नागकेशर म्हणजे नागचाफ्याचे (मेसुआ फेरिया) पुंकेसर. आयुर्वेदीय औषधिकोशाने तेच ग्राह्य मानले आहे. सुरंगी (मॅमिया सुरिगा) हा पश्चिम घाट व कोकणातील वेगळा वृक्ष होय. शिवाय दालचिनीच्या वर्गातील वृक्षांची कच्ची फळे ‘काळे नागकेशर’ म्हणून विकली जातात, ती आणखी निराळी. एका नावाखाली तीन द्रव्ये मिळत असताना गुण आला नाही तर दोष योगाला द्यावा की द्रव्याला?

परीक्षा अवघड नाही. अस्सल नागकेशर सोनेरी-तपकिरी, तंतुमय असते; सुरंगीच्या कळ्या गोलसर, तांबूस व देठासहित असतात. खरेदी करताना पोते उघडून पाहावे, देयकावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव लिहून घ्यावे. सुरंगी वापरावयाची असल्यास ती सुरंगी म्हणूनच वापरावी व तिच्या अनुभवांची वेगळी नोंद ठेवावी.

दुसरी बाब वृक्षांची. सुरंगीला फुले जुन्या फांद्यांवर येतात. म्हणून कळ्यांसाठी फांदी तोडली, तर पुढील वर्षांचा बहरही तिच्याबरोबर जातो. फांदी राखून कळ्या वेचणाऱ्यास चार पैसे अधिक देणे हे औषधविक्रेत्यांच्याच हिताचे आहे. वृक्ष टिकला तरच माल टिकेल.

सागरदर्शनाबरोबर द्रव्यदर्शनही घडावे. ग्रंथात वाचलेले द्रव्य झाडावर पाहिल्यावाचून त्याची ओळख पक्की होत नाही. येत्या फाल्गुनात वेंगुर्ल्याचा बेत जरूर आखावा. परतताना आपल्या दुकानातील नागकेशराची बरणी एकदा उघडून पाहावी.